इकोला तारीख, कान वाऱ्यावर

सकाळी ८:००
कान तपासायच्या साउंडप्रूफ खोलीचं जाड दार ओढते आणि हेडफोन आधी स्वतःच्या कानांना लावते. उजवा, डावा, २५० हर्ट्झपासून ८००० पर्यंत. डावी वायर हलली की खरखरते. चिकटपट्टीनं बांधून ठेवली आहे. मुलाचा कान बिघडलाय की आपली वायर, ही शंका मला आलेख काढताना नको असते.

८:४५
दोन वर्षांची मुलगी, कराडकडून पहाटेच्या एसटीनं आलेली. बेरा तपासणीला, म्हणजे आवाजाला मेंदूचा प्रतिसाद मोजताना, मूल गाढ झोपावं लागतं, म्हणून आम्ही सांगितल्याप्रमाणे आईनं तिला चारपासून जागं ठेवलंय. आता मुलगी टक्क जागी आणि आई पेंगतेय.

सहा आठवड्यांपूर्वी तिला कावासाकी, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या दाहाचा आजार, झाला. आठ दिवस ताप, लालबुंद डोळे, स्ट्रॉबेरीसारखी जीभ, मग बोटांची सालं निघाली. गावात आधी गोवरच धरला होता. टोमिसाकू कावासाकी या जपानी बालरोगतज्ज्ञांनी १९६७ मध्ये ५० मुलांवरून हा आजार मांडला. पुढे सगळ्यांचं लक्ष हृदयाकडे गेलं, आणि ते रास्तच आहे. उपचार मिळाले नाहीत तर सुमारे चारातल्या एका मुलाच्या हृदयाच्या धमन्यांना फुगे येतात. म्हणून फाईलवर इकोच्या, हृदयाच्या सोनोग्राफीच्या, तारखा लाल शाईत. कानाची एकही नाही. ही मुलगी माझ्यापर्यंत आली ती आजीमुळे. "मागून हाक मारली तर वळत नाही हो बाई."

९:४०
झोपली एकदाची. पडदा ठीक, आत पाणी नाही. प्रतिसादाची पाचवी लाट उजवीकडे ५० डेसिबलला दिसते, डावीकडे ७० ला. त्याखाली रेघ सपाट. या आजारात देतात त्या अ‍ॅस्पिरिनच्या मोठ्या डोसानंही कान काही काळ मंदावतो, पण तो डोस कधीच कमी झालाय. म्हणजे दोष गोळ्यांवर ढकलता येत नाही. महिन्याभरानं पुन्हा तपासायचं. पण तोवर हातावर हात ठेवून बसायचं नाही, श्रवणयंत्राचं आजच बोलायचं. बोलायला शिकण्याचं हेच वय.

आई विचारते, "हृदय तर बरंय म्हणाले ना?" बरंच आहे. ते आधी सांगते.

११:३०
तेरा वर्षांचा मुलगा, वडिलांच्या खांद्याला धरून चालतो. महिनाभर डोळे लाल, मग चकरा, मग डाव्या कानात शिट्टी. परीक्षेचं टेन्शन, असं शाळेत ठरलं होतं.

त्याला माझ्या नाकाकडे बघायला सांगून डोकं अचानक बाजूला वळवते. नजर नाकावरच राहायला हवी. याचे डोळे डोक्याबरोबर जातात आणि उडी मारून परत येतात. डाव्या कानाचा आलेख खाली घसरलेला. डोळा आणि आतला कान एकदम दुखावले की १९४५ मध्ये अमेरिकन नेत्रतज्ज्ञ डेव्हिड कोगन यांनी वर्णिलेला आजार आठवावा लागतो. निदान करणं माझं काम नाही, पण फोन करणं आहे. संधिवाताच्या डॉक्टरांना ओपीडीतून उठवून बोलावते. आतल्या कानाला रक्त नेणारी धमनी बारीक आणि एकुलती एक. ती अडली तर बाजूनं दुसरी वाट नाही. स्टेरॉईड वेळेत सुरू झाली तर कान वाचायची आशा असते, म्हणून 'पुढच्या सोमवारी या' इथं चालत नाही.

२:१५
डबा. पोळी वातड.

३:००
नऊ वर्षांची, रक्तवाहिन्यांच्या दाहाची जुनी रुग्ण. घरी तिला 'धांदरट' म्हणतात. जमिनीवर ती नीट उभी राहते. स्पंजच्या गादीवर डोळे मिटले की सरळ माझ्या अंगावर येते. मोठा माणूस 'गरगरतंय' म्हणेल. मुलाला तोल म्हणजे काय हेच ठाऊक नसतं, ते नुसतं पडतं. दिवसा डोळे सावरून घेतात, अंधारात ती मदत संपते.

वडिलांना सांगते, रात्री संडासाच्या वाटेवर दिवा ठेवा. विहिरीत एकटीला पोहू देऊ नका. पाण्याखाली वर कुठं, खाली कुठं, तिला कळणार नाही. ते गप्प होतात. मग म्हणतात, "मे महिन्यात उतरली होती."

५:१५
वॉर्डातून निरोप : मुलगा दाखल, पहिलं सलाईन सुरू. छोटीच्या फाईलवर लाल पेन मागून महिन्यानंतरची तारीख टाकते, इकोच्या बरोबर खाली. मग स्टोअरच्या वहीत डाव्या वायरची मागणी, तिसऱ्यांदा.