पिन फिरली की भोक झिजतं : पैंजणापासून रायफलीपर्यंत

इअरफोन घरी विसरलेल्यांसाठी हा भाग लिहून देतोय. मधले चहाचे घोट तेवढे गाळलेत.

१ ऑगस्ट २०२४ला आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं. तेव्हापासून आमच्याकडं बंदुकीचे प्रश्न वाढलेत. या वेळचा प्रश्न बीजीएमआयमध्ये एम४१६ घेऊन फिरणाऱ्या एका श्रोत्याचा आहे. "दादा, रिसिव्हर झिजू नये म्हणून ट्रिगर आणि हॅमरची पिन कुठली घ्यायची? सगळ्यात कडक घेतली की झालं ना?"

नाही झालं. का, ते सांगायला आधी हुपरीत येऊ.

आमच्या आईचं एक पैंजण असंच गेलं. चांदी मऊ, म्हणून तर त्यात तांबं मिसळतात. तरी कडीतलं भोक वर्षानुवर्षं घासून लांबट झालं आणि एक दिवस बाजारातून येताना पैंजण गळून पडलं. मी, शहाणा इंजिनिअर, म्हटलं, "दुसऱ्याला स्टीलचा पेच बसवू." शेजारचे काका हसले. "अरे, पेच टिकंल की, पण कडी आणखी लवकर जाईल!"

रायफलीतही हेच. चाप म्हणजे ट्रिगर, घोडा म्हणजे हॅमर. दोघंही एकेका आडव्या पिनवर फिरतात, आणि पिनची दोन्ही टोकं रिसिव्हरच्या, म्हणजे मधल्या सांगाड्याच्या, भोकात बसतात. एआर-१५ घराण्यात पिन स्टीलची, साधारण ३.९ मिमी जाडीची. सांगाडा ७०७५ जातीच्या ॲल्युमिनियमचा. आपल्या लष्करानं २०१९ साली मागवलेली सिग ७१६ याच घराण्यातली. स्वप्नीलच्या ५० मीटरच्या बोल्टवाल्या रायफलीत मात्र असा फिरणारा घोडा नसतो, त्यामुळं तिथं हा प्रश्नच येत नाही.

आता गणित. झीज किती होणार याचा एक जुना नियम आहे, आर्चर्ड यांनी १९५३ साली मांडलेला. दाब जास्त तर झीज जास्त, घसरायचं अंतर जास्त तर झीज जास्त, आणि दोघांतला मऊ पदार्थ जितका कडक तितकी झीज कमी. मऊ पदार्थ, हे लक्षात ठेवा! इथं मऊ म्हणजे ॲल्युमिनियम. पिन कितीही कडक घ्या, भोकाच्या गणितात ती येतच नाही. मग हातात काय उरतं? घसरायचं अंतर.

घोडा साधारण पाव फेरी फिरतो. त्याच्याबरोबर पिनही भोकात फिरली, तर ३.९ मिमीच्या पिनचा पृष्ठभाग एका वेळी सुमारे ३ मिमी घासतो. जाऊन-येऊन ६ मिमी. दहा हजार फैरींत झाले ६० मीटर, तेही भिंतीच्या जाडीएवढ्या चिंचोळ्या जागेवर. ॲल्युमिनियमवरचा ॲनोडायझिंगचा थर कडक असतो, पण पातळ. एकदा तो फुटला की त्याचीच पूड पॉलिश पेपरसारखं काम करते.

म्हणून घोड्यानं पिनवर फिरावं, पिननं भोकात फिरू नये. स्टीलवर स्टील, मध्ये तेलाचा थेंब. मूळ पिनला खाचा असतात. घोड्यातली बारीक स्प्रिंग एका खाचेत अडकते आणि घोड्याच्या मोठ्या स्प्रिंगचा पाय ट्रिगरच्या पिनवर टेकतो. त्यानं पिन बाजूला सरकत नाही, पण फिरणं थांबेलच असं नाही. भरपूर फैरी झाडणाऱ्यांसाठी अँटी-रोटेशन पिना असतात. दोन्ही पिनांची टोकं बाहेरून एका पट्टीनं एकमेकींना बांधलेली, म्हणजे कुणालाच फिरता येत नाही. माझं मत विचाराल तर खर्च करायचाच तर इथं. नुसत्या 'अँटी-वॉक' पिना फक्त सरकणं अडवतात. नावं सारखी वाटतात म्हणून गफलत होते. टायटॅनियमची पिन हलकी, दिसायलाही भारी, पण घासताना चिकटून ओरखडे काढायची तिला खोड आहे. स्टेनलेसची घेतली तर आपल्या पावसाळ्यात तेल विसरू नका, ओलाव्यात ॲल्युमिनियम तिच्यापाशी गंजतं.

भोक आधीच लांबट झालं असेल तर? जाड पिन बसवायची किंवा भोकात स्टीलची बुशिंग घालायची. हे खेळ नाहीत हं. चाप आणि घोडा एकमेकांत अडकतात ती कड अगदी थोडी असते. दोन भोकांमधलं अंतर हललं तर ती पकड सुटू शकते, आणि चाप न ओढता गोळी सुटू शकते. आपल्याकडं १९५९चा शस्त्र कायदा आहे; दुरुस्ती परवानाधारकाकडंच. तुमच्याकडं गेममधलीच रायफल असणार, तरी सांगून ठेवतो.

पिन फिरते का ते ओळखायची सोपी युक्ती म्हणजे पिनच्या टोकावर आणि शेजारी सांगाड्यावर मार्करनं एक सरळ रेघ मारायची. फैरी झाल्यावर रेघ तुटलेली दिसली, की पिन फिरतेय. आईच्या उरलेल्या पैंजणाला आम्ही चांदीचाच पेच ठेवलाय. दर दिवाळीला काका बघतात आणि झिजला असेल तर बदलून देतात.