पाप्रिका का करपते? बुडापेस्टच्या कुकिंग क्लासची गोष्ट

मीरा रोडच्या आमच्या किचनमध्ये आईची फोडणी मी शंभरदा बघितलीय. तेल कडकडीत, मोहरी तडतडली की वर लाल तिखट. हाच कॉन्फिडन्स घेऊन बुडापेस्टच्या क्लासमध्ये उभा राहिलो आणि पहिलंच भांडं करपवलं. कडूजहर! टाकून द्यावं लागलं.

चूक कुठे झाली? हंगेरीची गोड पाप्रिका म्हणजे तिखट नसलेल्या लाल मिरचीची बारीक पूड. तिच्यात साखर बरीच, म्हणून कडक तेलात काही सेकंदांत जळते. तिथली रीत अशी: कांदा मंद आचेवर मऊ करायचा, भांडं खाली उतरवायचं, मग पाप्रिका ढवळून लगेच थोडं पाणी. रंग तेलात उतरतो, कडवटपणा येत नाही.

दुसरा गैरसमज गुलाशचा. 'गुयाश' म्हणजे गुराखी, आणि त्यांचं ते पातळ सूप. घट्ट रश्श्याचं नाव वेगळं, 'पर्कल्ट'.

गंमत म्हणजे मिरची ना त्यांची, ना आपली. मूळची अमेरिका खंडातली. आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली, तिकडे तुर्कांच्या काळात पोचली. 1937 चं नोबेल मिळवणाऱ्या आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गींनी सेगेड शहरात याच मिरचीतून भरपूर व्हिटॅमिन सी वेगळं काढलं.

घरी आल्यावर आईसाठी मश्रूमचं केलं. पाप्रिकाऐवजी काश्मिरी मिरची पूड, शेवटी घट्ट दह्यात चमचाभर मैदा कालवून घातला, म्हणजे दही फुटत नाही. "गॅसवरून उतरवून कसली रे फोडणी?" आई म्हणाली. आणि परत वाढून घेतलं.

करून बघा, आणि कसं झालं ते कळवा. भेटू पुढच्या भागात!