शस्त्र थोर की वाट?

दिवाळीला बुलढाण्यास आमच्या घरी भाचरे जमली, की फटाक्यांहून वादांचाच आवाज मोठा! यंदाचा विषय ‘हिटमॅन २’. लपतछपत सावज गाठायचा हा व्हिडिओ गेम डेन्मार्कच्या आयओ इंटरॲक्टिव्हने २०१८ साली काढला, आणि त्यातला एक डाव चक्क मुंबईत रंगतो.

थोरल्याच्या मते सारी मौज आवाज न करणाऱ्या पिस्तुलात. धाकटीला ते पटेना. मुंबईत एका सावजाचा चेहराच ठाऊक नसतो. वस्तीच्या बोळांतून हिंडून आधी त्याला ओळखावे लागते. शिवाय तिथे दुसराच एक नेमबाज दबा धरून असतो. सावज त्याच्या टप्प्यात आणले, की आपण गोळी झाडायलाच नको! “मग पिस्तूल काय चाटायचे?” तिने विचारले.

मी धाकटीच्या बाजूचा. आपल्याच जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाच्या जिजाऊंचा पुत्र एप्रिल १६६३ मध्ये पुण्याच्या लालमहालात शिरला, तेव्हा शाएस्तेखानाची फौज अफाट होती. पण त्या वाड्यात शिवरायांचे बालपण गेलेले. वाटा, दारे, खिडक्या पाठ. तलवारी काय, खानाकडेही होत्याच!

“पण मामा, खान निसटला ना?” थोरला म्हणाला.

निसटला खरा, बोटे मात्र तिथेच राहिली.