वाट पाहावी की बंद करावे?

वाशिमच्या एखाद्या सेवाकेंद्रात सोयाबीनच्या पीकविम्याचा अर्ज भरताना हा प्रसंग पुष्कळांना आला असेल. अर्ज निम्मा भरला आहे, मागे रांग उभी आहे, आणि ब्राउझर विचारतो : 'पान प्रतिसाद देत नाही. वाट पाहावी की बंद करावे?' बंद केले तर लिहिलेले जाणार. एवढे हुशार यंत्र. ते आपले आपण का ठरवीत नाही?

ब्राउझर म्हणजे दूरची पाने दाखविणारी खिडकी, अशी आपली समजूत असते. परंतु १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपच्या ब्राउझरसाठी जावास्क्रिप्ट ही भाषा रचली, आणि पानाबरोबर आज्ञाही येऊ लागल्या. 'असे असेल तर हे कर, तोवर तेच पुन्हा कर, आलेले उत्तर लिहून ठेव' एवढ्या सामग्रीतून कोणतीही आकडेमोड बांधता येते. ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने १९३६ साली फितीवर चालणारे एक काल्पनिक यंत्र मांडले होते. स्मृती अमर्याद धरली, तर ब्राउझरची शक्ती त्या यंत्राएवढीच भरते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या टिफ्रॅक गणकयंत्राची जातकुळीही हीच. भेद वेगाचा व स्मृतीचा.

ही शक्ती आली की तिच्याबरोबर मर्यादाही येते. समजा, कोणत्याही आज्ञावलीचे काम संपेल की नाही, हे अचूक सांगणारा एक ज्योतिषी आहे. आम्ही एक हट्टी आज्ञावली लिहू. ती ज्योतिष्याला स्वतःचेच भविष्य विचारील आणि नेमकी उलट वागेल. तो 'थांबेल' म्हणाला, तर ती चालतच राहील. 'थांबणार नाही' म्हणाला, तर तत्काळ थांबेल. ज्योतिषी दोन्हीकडून खोटा पडतो. म्हणजे असा ज्योतिषी असूच शकत नाही. काही आज्ञावलींविषयी सांगता येते. सर्वांविषयी सांगण्याची रीत नाही.

म्हणून ब्राउझर केवळ घड्याळ पाहतो, आणि फार वेळ गेला की निर्णय आपल्यावर सोपवितो. यात त्याचा दोष नाही. मात्र भरलेली माहिती टप्प्याटप्प्याने जपून ठेवणे पान रचणाऱ्याच्या हाती असते. भविष्य सांगता येत नाही, हे ठाऊक असलेल्याने शेतकऱ्याचा अर्धा अर्ज तरी वाऱ्यावर सोडू नये, एवढीच आमची अपेक्षा.