सुट्टीत मुलांच्या हाती कोणता इतिहास द्यायचा?

वर्षावासात आपल्या विहारांत मोठ्यांसाठी ग्रंथवाचन होते. मुलांसाठी मात्र असे काही ठरलेले नसते. उन्हाळ्याची सुट्टी लागली की टोकावडे परिसरातली मुले करवंदांच्या जाळीत नाहीतर मोबाईलमध्ये रमतात. दुपारच्या उन्हात विहारात तासभर गोष्टींची पुस्तके वाचली, तर सुट्टीची मजाही राहील आणि इतिहासही कळेल. प्रश्न एवढाच, पुस्तके कोणती निवडायची?

मुलांच्या इतिहासकथांत शौर्य बहुधा तलवारीचे असते. त्या गोष्टी मुलांना आवडतात, त्या असाव्यातच. पण वस्तीतल्या, वाडीतल्या मुलाला आपल्यासारखे कुणीच पुस्तकात भेटले नाही, तर इतिहास घडवणारे लोक वेगळेच असतात, असे त्याच्या मनात बसते. म्हणून आणखी काही गोष्टी हव्यात.

पहिली मुक्ता साळवे हिची. सावित्रीबाई-जोतीराव फुले यांच्या शाळेतली ही मातंग समाजाची विद्यार्थिनी. 1855 मध्ये, अवघ्या चौदाव्या वर्षी तिने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तिचे शौर्य लेखणीचे होते.

दुसरी गोष्ट सुट्टीचीच आहे. 1901 च्या उन्हाळ्यात लहानगा भीमराव नवे कपडे घालून घरच्या मुलांसोबत साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाला. मसूर स्टेशनवर जात कळताच गाडीवाले त्यांना न्यायला तयार होईनात. दुप्पट भाडे ठरले, तेव्हा कुठे बैलगाडी मिळाली. तीही मुलांनी स्वतः हाकायची, गाडीवान बाजूने चालणार! वाटेत पिण्याचे पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी ही आठवण स्वतः लिहून ठेवली आहे. ‘भीमायन’ या चित्रपुस्तकात दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी ती रंगवली आहे.

तिसरी आपल्या मुरबाड तालुक्यातली. माथेरानच्या नाभिक कुटुंबात जन्मलेले वकील भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील यांना 2 जानेवारी 1943 च्या पहाटे सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांनी वीरमरण आले. कोतवाल तेव्हा तीस वर्षांचे होते. ‘आझाद दस्ता’ उभारून विजेचे मनोरे पाडणाऱ्या या तरुणाने त्याआधी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्याही काढल्या होत्या. मुलांना शौर्याची ही बाजूही सांगायला हवी.

पुस्तक निवडताना आम्ही तीन गोष्टी पाहतो. घटनेचे साल आणि गाव दिले आहे का? नायकासोबतची साधी माणसे, मुली, बाया त्यात दिसतात का? आणि चमत्काराऐवजी कारण सांगितले आहे का? ‘कालामसुत्त’ ऐकणाऱ्या समाजाच्या मुलांना “हे खरे कशावरून?” असे विचारता आलेच पाहिजे.

वाचून झाले की मुलांकडून चित्रे काढून घ्या, नाटुकले बसवा, आजी-आजोबांना जुन्या दुष्काळाबद्दल, पाणवठ्याबद्दल विचारायला सांगा. मुलांनी वहीत उतरवलेल्या त्या आठवणी हे गावाचे इतिहासाचे पहिले पुस्तक ठरू शकते. येत्या सुट्टीत आपल्या विहारात एक पेटी, वीस पुस्तके आणि वाचून दाखवणारे दोन तरुण, एवढ्यावर सुरुवात होते.