येझदी की आरएक्स?

मामांची येझदी आणि माझ्या मित्राची आरएक्स १००. मुरगुडात दोन्ही एकाच गॅरेजात येतात. ड्रॅग शर्यतीत, म्हणजे उभ्या जागेवरून सुटून सरळ ४०२ मीटर जाण्यात, सरस कोण, हा आमचा जुना वाद. मी कलाशाखेचा विद्यार्थी. तरी मिस्त्रींकडून जे उमगले ते मांडतो.

दोन्ही इंजिने टू-स्ट्रोक. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. फोर-स्ट्रोकमध्ये तो दोन फेऱ्यांतून एकदा. येझदी सुमारे २५० सीसीची, आरएक्स अवघी ९८ सीसीची. तेव्हा निकाल उघडच आहे, असे मी म्हणे.

मिस्त्रींनी कार्बोरेटर काढून दाखवला. येझदीत पेट्रोल-हवेच्या मिश्रणाची वाट पिस्टनच उघडतो व मिटतो. गती कमी असता, पिस्टन खाली येऊ लागला तरी वाट क्षणभर उघडी राहते आणि थोडे मिश्रण मागे फिरते. आरएक्समध्ये त्या वाटेवर पातळ, लवचिक पात्यांची झडप आहे. आत आलेले परत जात नाही. शिवाय गाडी हलकी, शंभर किलोंच्या आसपास. म्हणून ती सुटतानाच झेप घेते. आणि आखूड शर्यतीत सुटण्यालाच मोल! लांब पल्ल्याला, ओझे घेऊन मात्र येझदीच खरी.

दोन्हींचे उत्पादन १९९६ साली थांबले. निपाणी रस्त्यावर ठरलेली आमची पहाटेची शर्यतही थांबली. जे एका झडपेने सांगितले, ते सिद्ध करण्यासाठी रहदारीच्या रस्त्यावर जीव का पणाला लावावा?