व्यायाम व चयापचय

व्यायाम व चयापचय : चयापचयाच्या (शरीरात सतत चालणाऱ्या भौतिक-रासायनिक घडामोडींच्या) दृष्टीने व्यायामाचे दोन प्रमुख प्रकार मानतात. भरभर चालणे, धावणे, पोहणे हे ऑक्सिजीवी, तर वजने उचलणे, जोर, बैठका हे प्रतिरोधी व्यायाम होत. पहिल्याने मुख्यतः हृदय व फुप्फुसे यांची क्षमता वाढते. दुसऱ्याने स्नायू बळावतात. जेवणानंतर रक्तातील ग्लुकोजाचा मोठा वाटा स्नायू शोषून घेतात व आकुंचन पावणारा स्नायू इन्शुलिनाच्या साहाय्याविनाही ते घेऊ शकतो. त्यामुळे प्रौढांच्या (प्रकार २) मधुमेहात दोन्ही प्रकार उपयुक्त ठरतात. कॅनडातील २५१ मधुमेही व्यक्तींवरील चाचणीत (२००७) दोहोंच्या जोडीने ग्लुकोजयुक्त हीमोग्लोबिन (मागील सु. तीन महिन्यांतील रक्तशर्करेचा निर्देशक) सर्वाधिक घटले, परंतु त्या गटाचा व्यायामकालही अधिक होता. अमेरिकेतील २६२ रुग्णांच्या चाचणीत (२०१०) सर्वांचा काल जवळजवळ सारखा ठेवला, तरीही व्यायाम न करणाऱ्या गटाच्या तुलनेत लक्षणीय घट केवळ संयुक्त व्यायाम करणाऱ्यांतच आढळली. यामुळे दोहोंपैकी श्रेष्ठ कोणता, हा वाद गौण ठरतो. इन्शुलीन घेणाऱ्यांत व्यायामानंतर रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते; अशांनी वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक असते.